काळ्या कोटातल्या सिस्टर – सनदेचे नियम, व्रतांचे नियम आणि रोजचं काम

उत्तरवसई (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर ‘नन वकिली कशी करेल, ती तर संन्यासी’ असा प्रतिसाद आला आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. म्हणून हा वेगळा धागा.

कॅथलिक धर्मभगिनी आणि वकिली ही जोडी नवीन नाही. पुण्यात १९८२ पासून ‘स्त्रीवाणी’ आहे, तिथल्या सिस्टर ज्यूली जॉर्ज स्वतः वकील आहेत. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात सिस्टर मेरी स्कारिया आणि सिस्टर जेसी कुरियन यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. जेसी कुरियन राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाच्या सदस्यही होत्या. अमेरिकेत सिस्टर सिमोन कॅम्पबेल यांनी १९७७ ला कायद्याची पदवी घेतली, १९७८ ला ऑकलंडमध्ये गरिबांसाठी कायदा केंद्र काढलं आणि तिथे १८ वर्षं कौटुंबिक खटले चालवले. सॅन दिएगोचं ‘कासा कॉर्नेलिया’ हे निर्वासितांची प्रकरणं लढवणारं केंद्र १९९३ मध्ये उभं राहिलं, त्यामागे सिस्टर ॲन डर्स्ट होत्या.

प्रश्न असे:
१) व्रतबद्ध बाईला आपल्याकडे सनद (वकिलीचा परवाना) मिळते का? काही अट?
२) सिस्टर शाळेत मुख्याध्यापिका असेल तर?
३) अकिंचनतेचं (स्वतःचं काही न ठेवण्याचं) व्रत घेतलंय, मग फी कोणाची?
४) सिस्टर न्यायाधीश होऊ शकते का?
५) प्रत्यक्ष कामात कुठे अडतं?

किस्से नकोत, कृपया. नियम आणि कामाची पद्धत लिहा.

---

सनदधारी

पहिल्या प्रश्नापासून. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१, कलम २४. भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, मान्यताप्राप्त एलएलबी, ठरलेली फी. धर्म, व्रत, वैवाहिक स्थिती यांचा तिथे उल्लेखच नाही. ‘संन्यासी’ हा मुद्दा हिंदू कायद्यातल्या जुन्या ‘नागरी मृत्यू’च्या कल्पनेतून येतो, म्हणजे संन्यास घेतला की माणूस कायद्याच्या दृष्टीने मेला. ख्रिस्ती व्रतांना आपल्या दिवाणी कायद्यात तसा परिणाम नाही. सिस्टरचं पॅन कार्ड तिच्याच नावावर असतं, ती मतदान करते, करार करते, फिर्याद देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांतल्या नन आणि फादर यांच्या पगारातून टीडीएस कापण्याविरुद्धची ९३ अपिलं फेटाळली. ‘पगार आमचा नाहीच, संघाचा (आमच्या धर्मसंस्थेचा) आहे’ हा युक्तिवाद तिथे टिकला नाही. हे लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नात पुन्हा लागेल.

फी: कायद्यातला आकडा राज्य बार कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालाने त्याच्यावर ‘ग्रंथालय निधी’, ‘प्रक्रिया शुल्क’ वगैरे नावांनी केलेली वसुली बेकायदा ठरवली. मुद्रांक शुल्क वेगळं. आपल्याकडे अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे.

मग अखिल भारतीय बार परीक्षा. १०० बहुपर्यायी प्रश्न, चुकीला वजा गुण नाहीत, टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. नावनोंदणीनंतर दोन वर्षांत ती पास व्हावी लागते, नाहीतर प्रॅक्टिस थांबते.

आता प्रश्न २, आणि बहुतेक सिस्टरांची गाडी इथेच अडते. बार कौन्सिलच्या नियमांत भाग ६, प्रकरण २ मध्ये नियम ४९ आहे: प्रॅक्टिस करणारा वकील कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. नोकरी घेतली तर बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. शाळेची मुख्याध्यापिका, रुग्णालयाची पगारी प्रशासक, कॉलेजची पूर्णवेळ प्राध्यापिका, सगळ्या यात आल्या. पगार संघाच्या खात्यात जातो म्हणून सुटका नाही, कारण नियम नोकरी पाहतो, पैसे पुढे कुठे गेले ते पाहत नाही.

नियम ५१ मध्ये थोडी मोकळीक आहे: पुस्तकांचं संपादन, कायद्याच्या परीक्षांची शिकवणी, व्याख्यानं, लेखन. कायदा शिकवायचा तर दिवसाला तीन तासांपर्यंत, ही वेगळी १९७९ च्या नियमांतली सवलत. इतर अर्धवेळ नोकरीला नियम ५२ खाली बार कौन्सिलची संमती लागते, आणि ती आधी मागायची.

---

झोपाळा

म्हणजे संघाने ‘तू सकाळी शाळा सांभाळ, दुपारी कोर्टात जा’ म्हटलं तर सिस्टरची सनद धोक्यात, आणि संघाला ते माहीतही नसणार?

---

सनदधारी

अगदी. आणि तक्रार कोण करतं? विरुद्ध बाजूचा वकील. पोटगीच्या प्रकरणात हरायला लागला की शाळेच्या वेबसाइटवरचं ‘मुख्याध्यापिका’ हे पान छापून बार कौन्सिलला पाठवतो. नेमणुकीचं पत्र देण्याआधी प्रोव्हिन्शियलने (संघाच्या प्रांतप्रमुखाने) हा नियम वाचायला हवा.

---

उंबरठा

सनदेच्या आधीचं थोडं, कारण खरी गळती तिथे होते.

तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत ४५ टक्के (इतर मागासवर्गीय ४२, अनुसूचित जाती-जमाती ४०) आणि महाराष्ट्रात सीईटी. पत्राद्वारे किंवा दूरस्थ एलएलबी चालत नाही. २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्सप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. फार तर प्राचार्य ६५ पर्यंत सांभाळून घेऊ शकतात, तेही सगळे विषय मिळून ७० भरत असतील तर. इंटर्नशिप किमान १२ आठवडे (पाच वर्षांच्या कोर्सला २०), पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे ‘शेवटच्या सुट्टीत उरकून टाकू’ हे जमत नाही, तिन्ही वर्षांत वाटून घ्यावं लागतं.

संघात बदल्या मे-जूनमध्ये होतात. दुसऱ्या वर्षाला असलेल्या सिस्टरची पुण्याहून नागपूरला बदली झाली की कोर्सची वाट लागते, कारण याच नियमांत मधूनच प्रवेश आणि मधूनच बाहेर पडणं, दोन्हीला मनाई आहे. एकाच विद्यापीठातलं कॉलेज बदलणं जमू शकतं, विद्यापीठ बदललं की पेपर जुळवता जुळवता वर्ष जातं. तीन वर्षं अधिक एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडचं किमान एक वर्ष, एवढ्या काळाची हमी प्रोव्हिन्शियलकडून लेखी घेतलेली बरी. तोंडी आश्वासन पुढच्या प्रोव्हिन्शियलला बांधत नाही.

दुसरं, नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर घरचं नाव, आधारवर व्रताचं नाव, पदवीवर तिसरंच. सनद पदवीवरच्या नावाने निघते. एलएलबीला प्रवेश घेण्याआधीच राजपत्रात नावबदल करून सगळी कागदपत्रं एका नावावर आणावीत. नंतर केलं तर विद्यापीठ, बार कौन्सिल, बार परीक्षा अशा तीन खिडक्यांवर तोच अर्ज. ‘सिस्टर’ हा शब्द नावाचा भाग म्हणून कुठेही घालू नये, तो उपाधी म्हणूनच राहू द्यावा.

---

पिंपळपान

वेषाचं काय? वेल (डोक्यावरचं वस्त्र) चालतो का कोर्टात?

---

सनदधारी

महिला वकिलांसाठी काळा पूर्ण बाह्यांचा कोट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर, बँड (गळ्याशी लावायच्या पांढऱ्या पट्ट्या). साडी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छाप किंवा नक्षी नसलेली. सलवार-कुर्ता पांढरा किंवा काळा. गाऊन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातच सक्तीचा. डोक्यावरच्या वस्त्राबद्दल नियमात एक अक्षर नाही. बऱ्याच सिस्टर पांढरी साडी आणि कोट घालतात, प्रश्न येत नाही. क्रॉस बँडखाली जातोच. पुढचा प्रश्न.

---

कारकून_नंबर_एक

तिसरा प्रश्न मी घेतो, कारण हिशेबात सगळे गडबड करतात.

कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ६६८ म्हणतो की व्रतबद्ध व्यक्ती स्वकष्टाने जे मिळवते ते संघासाठी मिळवते. बरोबर, पण तो चर्चच्या अंतर्गत शिस्तीचा भाग झाला. बार कौन्सिलच्या नियमांत (भाग ६, प्रकरण ३) वकिलाने वकील नसलेल्या कोणाशीही फी वाटून घेण्याची व्यवस्था करू नये, असं स्पष्ट आहे. म्हणून अशिलाला ‘धनादेश संघाच्या ट्रस्टच्या नावाने काढा’ सांगणं दोन्हीकडून अंगाशी येतं. नियमाचा भंग होतो, आणि आयकर खात्याला ट्रस्टकडे व्यावसायिक उत्पन्न दिसतं.

सरळ वाट अशी: फीची पावती सिस्टरच्या नावाने, पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, तिच्या पॅनवर विवरणपत्र. उत्पन्न तिचं ठरलं, कर लागला तर तिने भरला, त्यानंतर तिने संघाला दिलं तर ते दान. संस्थेकडून फी आली आणि मर्यादेपेक्षा जास्त असली तर टीडीएस कापून येईल, तो परत मिळवायलाही तिचंच विवरणपत्र लागतं. शून्य फीवर काम केलं तरी वकीलपत्रावर ‘विनामूल्य’ लिहून ठेवावं. नाहीतर पुढे एखादा अशील म्हणतो, ‘मी वीस हजार रोख दिले होते.’

अशिलाचे कोर्ट खर्चासाठीचे पैसे वेगळ्या नोंदीत ठेवायचे. टायपिंग, कोर्ट फी स्टॅम्प, नोटरी, समन्सचा भत्ता, सगळं तारखेसह. कॉन्व्हेंटच्या कॅशबुकात ते टाकलं की संपलं, ऑडिटर ते ट्रस्टचा खर्च धरतो.

परदेशी देणगी: त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच, पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाहीत, आणि देणगी फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. कायदा-मदतीच्या प्रकल्पात सिस्टर वकिलाला ‘पूर्णवेळ समन्वयक, मासिक मानधन’ दाखवलं की वर सनदधारी यांनी सांगितलेला नियम ४९ पुन्हा दारात. समन्वयक दुसरी सिस्टर असू द्या आणि वकील सिस्टरला प्रकरणागणिक फी द्या.

---

आडवाट

इथे जरा थांबा. या चर्चेत फी, पावती, टीडीएस एवढंच दिसतंय. सिस्टर वकील होतात त्या कशासाठी? ज्यांना कोणी वकील मिळत नाही त्यांच्यासाठी. मुंबईत सिस्टर जीन देव्होस यांनी १९८५ च्या सुमारास घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. त्या वकील नव्हत्या, पण त्या कामात कायद्याची बाजू सांभाळायला माणूस लागतोच हे तिथे लगेच कळलं. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ ला आला.

---

कारकून_नंबर_एक

आडवाट, हेतूबद्दल वाद नाही. पण सनद निलंबित झाली तर त्या घरकामगार बाईची पुढची तारीख कोण चालवणार? पावत्या तिच्यासाठीच आहेत.

---

कोर्टाची_पायरी

पाचव्या प्रश्नाकडे येते. सिस्टर वकिलांकडे सर्वात जास्त येणारं काम म्हणजे घरगुती हिंसाचार. २००५ चा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, त्यामुळे वसईतली ख्रिस्ती बाई, जालन्यातली हिंदू आणि मालेगावची मुस्लिम, तिघींचा अर्ज एकच.

क्रम असा. घटनेचा अहवाल नमुना १ मध्ये, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारने नेमलेला) किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्था भरते. कलम १२ चा अर्ज नमुना २ मध्ये. तातडीचा आदेश हवा असेल तर कलम २३ खाली वेगळी मागणी आणि नमुना ३ मधलं शपथपत्र. अर्ज बाई जिथे राहते तिथे करता येतो, तात्पुरती माहेरी किंवा कॉन्व्हेंटच्या निवारागृहात असली तरी (कलम २७). पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

अडतं कुठे?

एक: २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. बाईचंच शपथपत्र अर्धवट असतं, मग नवऱ्याच्या अर्धवट शपथपत्रावर हरकत घ्यायला तोंड राहत नाही. तिचं बँक पासबुक, मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, भाड्याची चिठ्ठी, किराण्याचा अंदाज हे अर्ज लिहायच्या आधी गोळा करा.

दोन: नोटीस बजावली जात नाही. नवऱ्याचा पत्ता ‘चाळीत राहतो’ एवढाच लिहिलेला. कामाचं ठिकाण, वरिष्ठाचं नाव, मोबाइल, सासऱ्याचा पत्ता असे तीन-चार पर्याय पहिल्याच अर्जात टाका. घरी ‘गैरहजर’ शेरा आला की कामाच्या ठिकाणी बजावायची परवानगी त्याच तारखेला मागा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तीन: मागण्या मोघम. ‘योग्य ती पोटगी मिळावी’ असं लिहिलं की योग्य ती म्हणजे दीड हजार मिळते. आकडा लिहा आणि त्याची फोड जोडा. राहण्याचा हक्क (कलम १९), पैसे (२०), मुलांचा ताबा (२१), भरपाई (२२) या वेगवेगळ्या मागण्या आहेत, एका वाक्यात कोंबू नका.

चार, आणि हे सिस्टरांच्या संस्थांमध्येच होतं: समुपदेशन वर्षभर चालतं. बाई तीनदा परत जाते, प्रत्येक वेळी ‘समेट झाला’ असा कागद तयार होतो आणि नंतर तोच कागद विरुद्ध बाजू न्यायालयात दाखवते. समेटाच्या कागदावर घडलेल्या हिंसेची तारीखवार नोंद आणि नवऱ्याची कबुली नसेल तर तो लिहूच नये.

संस्थेला कलम १० खाली सेवा पुरवठादार म्हणून नोंदणी करून घेता येते. नमुना ६, आणि त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. मग संस्था स्वतः घटनेचा अहवाल नोंदवू शकते, संरक्षण अधिकारी दौऱ्यावर गेला म्हणून थांबावं लागत नाही.

---

सनदधारी

चौथ्या मुद्द्याला जोडून दोन धोके.

ज्या सिस्टरने बाईला पोलीस ठाण्यात नेलं, जखमा पाहिल्या, अहवाल लिहिला, ती साक्षीदार आहे. आपण साक्षीदार होणार असं दिसत असेल तर वकिलाने ते प्रकरण घेऊ नये, हा बार कौन्सिलचा नियम १३. छोट्या केंद्रात एकच सिस्टर सगळं करते आणि उलटतपासणीच्या दिवशी घोळ होतो. सोबत जाणारी वेगळी, वकीलपत्र घेणारी वेगळी, हे पहिल्या दिवसापासून.

दुसरा, गोपनीयता. अशिलाने वकिलाला सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ ने सुरक्षित आहे (जुना १२६). ते संरक्षण वकिलाच्या कारकुनाला, दुभाष्याला, नोकरांना मिळतं. शेजारच्या टेबलावर बसणारी समुपदेशक सिस्टर संस्थेची आहे, वकिलाची नोकर नाही, त्यामुळे तिच्या वहीला तसं संरक्षण नाही. न्यायालय ती वही मागवू शकतं. फायली वेगळ्या, कपाट वेगळं, किल्ली वेगळी. आणि सुपीरियरने (संघातल्या वरिष्ठ सिस्टरने) आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून देत फाईल मागितली तर उत्तर ‘नाही’. ती गुप्तता अशिलाच्या हक्काची आहे, सिस्टरच्या मर्जीची नव्हे.

---

झोपाळा

वसईकरांसाठी एक उपप्रश्न. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्दबातल ठरवला की झालं ना? पुन्हा कोर्ट कशाला?

---

कोर्टाची_पायरी

नाही झालं! हा गैरसमज इतका पक्का आहे की सिस्टर वकिलांचा निम्मा वेळ तोच काढण्यात जातो.

मॉली जोसेफ (१९९६) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय दिवाणी विवाह संपवत नाही. जानेवारी २०१७ मध्ये क्लॅरेन्स पैस यांची याचिका फेटाळताना तेच पुन्हा. दिवाणी हुकूमनामा न घेता दुसरं लग्न लावलं तर तो द्विभार्याविवाह, भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. चर्चमध्ये लग्न लागलं हा बचाव होत नाही.

म्हणून दोन्ही वाटा चालाव्या लागतात: कुटुंब न्यायालयात १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली अर्ज आणि धर्मप्रांताच्या न्यायमंडळात वेगळा. डिसेंबर २०१५ पासून न्यायमंडळात दुसऱ्या टप्प्याच्या दुजोऱ्याची सक्ती गेली, त्यामुळे तिथला वेळ कमी झाला. दोन्हीकडची विधानं जुळली पाहिजेत. चर्चकडे ‘लग्नाच्या वेळी संमतीच खोटी होती’ आणि कोर्टात ‘दहा वर्षं सुखाचा संसार, मग क्रूरता’ असं लिहिलं की विरुद्ध वकिलाला आयतं मिळतं. गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तिथल्या वकिलालाच विचारावं.

या न्यायमंडळांतही सिस्टरांना जागा आहे. कॅनन १४८३ प्रमाणे तिथला वकील कॅनन कायद्यात डॉक्टरेट असलेला किंवा खरा जाणकार हवा आणि बिशपची मान्यता हवी. बंधनरक्षक (विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा अधिकारी) म्हणून सामान्य प्रापंचिकही चालतो (१४३५), मग कॅनन कायदा शिकलेली सिस्टर का नाही.

---

आडवाट

प्रश्न ४ राहिला. माझ्या मते सिस्टर न्यायाधीश व्हायला काहीच हरकत नसावी.

---

उंबरठा

देशाच्या कायद्याची हरकत नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेला मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आली, ती पूर्ण केली की झालं. हरकत चर्चची आहे. कॅनन २८५ परिच्छेद ३: राज्यसत्तेचा वापर असलेलं सार्वजनिक पद घ्यायचं नाही. तो मुळात पाळकवर्गासाठी, पण कॅनन ६७२ ने व्रतबद्धांनाही लावला.

याचं उघड उदाहरण अमेरिकेतलं. आर्लीन व्हायोलेट या ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ संघातल्या वकील. ऱ्होड आयलंडच्या महान्यायवादी (ॲटर्नी जनरल) पदाची निवडणूक लढवायची तर १९८४ मध्ये संघ सोडावा लागला. जिंकल्या, आणि अमेरिकेत कुठल्याही राज्यात त्या पदावर निवडून आलेली पहिली स्त्री ठरल्या. नवी कॅनन संहिता नोव्हेंबर १९८३ मध्येच लागू झाली होती.

वकील म्हणून कोर्टात उभं राहणं यात येत नाही, कारण वकील राज्यसत्ता वापरत नाही. तिथे लागते ती कॅनन ६७१ ची परवानगी, म्हणजे संघाबाहेरचं काम घ्यायला सुपीरियरची संमती.

---

आडवाट

मग सरकारी वकील? तो तर राज्याच्या वतीने बोलतो.

---

उंबरठा

चांगला प्रश्न. पगारी सरकारी वकिलाबद्दल मी तरी नको म्हणेन, तो राज्याच्या वतीने खटला चालवतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जाणं मात्र सरळ आहे, तिथे सत्ता नाही, गरिबाची बाजू आहे. २०१० च्या नियमांनुसार पॅनेलसाठी किमान तीन वर्षं प्रॅक्टिस हवी. आणि १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कितीतरी संस्था बायकांकडून उगाच उत्पन्नाचा दाखला मागत बसतात.

---

रानवाटसरू

वनहक्काचं कोणी लिहिलं नाही. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमध्ये आदिवासी भागात काम करणाऱ्या धर्मभगिनींकडे हे प्रश्न रोज येतात, आणि आपल्या पालघर-नंदुरबार-गडचिरोलीतही नियम तेच.

वैयक्तिक दावा नमुना ‘अ’, सामूहिक ‘ब’, सामूहिक वनसंसाधन ‘क’. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा, वैयक्तिक मर्यादा ४ हेक्टर. किमान दोन पुरावे. ग्रामसभेच्या कोरमला निम्मे सदस्य, आणि त्यातल्या किमान एक तृतीयांश बायका. दावे नेमके इथेच कोसळतात: ठरावावर सह्या पुरेशा, पण बायकांच्या सह्या मोजल्याच नाहीत. ठराव लिहायच्या आधी हजेरीपट वेगळा करा, स्त्री-पुरुष रकाने घालून.

दावा फेटाळला तर लेखी, कारणांसह कळवणं बंधनकारक. अपील ६० दिवसांत, आणि ते दिवस निर्णय कळल्यापासून. म्हणून निर्णयाची प्रत मिळाल्याची तारीख पोचपावतीवर घ्या. उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा, त्याच्या जोरावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत (२०१२ ची दुरुस्ती). जिल्हा समितीनेही नाकारलं तर महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे विभागीय समितीकडे अपील आहे. थेट उच्च न्यायालयात रिट केली की पहिला प्रश्न तोच येतो.

---

पिंपळपान

शाळा-वसतिगृहांचं? संघाची वकील सिस्टर म्हणजे घरचीच वकील. प्रकरण झालं की सगळे तिच्याकडेच धावणार.

---

सनदधारी

तिच्याकडे धावू देत, पण तिने लगेच तीन गोष्टी सांगायच्या.

मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. पॉक्सो (बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा कायदा) कलम १९, सगळ्यांना लागू. ‘आधी आपण आत चौकशी करू, मग बघू’ हाच गुन्हा होतो. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत (कलम २१). चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

दुसरं, दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समिती: निम्म्या तरी स्त्रिया, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, एक बाहेरची सदस्य. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. बाहेरची सदस्य म्हणून त्याच संघाच्या दुसऱ्या शाखेतली सिस्टर नेमणं ही हमखास चूक. ती बाहेरची नव्हेच.

तिसरं, वकील सिस्टर ट्रस्टच्या कार्यकारिणीवर असेल तर त्या ट्रस्टसाठी किंवा विरुद्ध न्यायालयात उभं राहू शकत नाही (नियम ८). सल्ला द्या, वकीलपत्र बाहेरच्या वकिलाला द्या.

---

उत्तरवसई

खूप कामाचं जमलं, धन्यवाद. एक शेवटचं. एखाद्या सिस्टरची स्वतःच्याच संघाविरुद्ध किंवा वरिष्ठांविरुद्ध तक्रार असेल तर तिला वकील करायला परवानगी लागते का? आणि दुसऱ्या संघातली सिस्टर वकील तिचं काम घेऊ शकते का?

---

कोर्टाची_पायरी

वकीलपत्रावर सही करायला कोणाचीही परवानगी लागत नाही. ती सज्ञान नागरिक आहे, व्रतांनी ते बदलत नाही. फौजदारी तक्रारीसाठी तर वकीलही लागत नाही, पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देता येते, हद्द नसली तरी नोंदवून घ्यावी लागते. ई-मेलने पाठवली तर तीन दिवसांत सही करायची.

दुसऱ्या संघातली सिस्टर काम घेऊ शकते. तिने आधी त्या संघाला याच विषयावर सल्ला दिलेला नसावा (नियम ३३), आणि स्वतःच्या सुपीरियरची कॅनन ६७१ ची संमती ‘कायदेविषयक काम’ अशी सर्वसाधारण घेतलेली असावी. प्रकरणागणिक परवानगी मागत बसलं की अशिलाचं नाव दोन कॉन्व्हेंटमध्ये फिरतं.

कागदपत्रांची प्रत बाहेर सुरक्षित ठेवायची: बदलीची पत्रं, वैद्यकीय कागद, मेसेजेसचे स्क्रीनशॉट मूळ फोनसह. संघ सोडावा लागलाच तर कॅनन ७०२ प्रमाणे केलेल्या कामाबद्दल काही मागण्याचा हक्क नसतो, पण संघाने समन्याय आणि ख्रिस्ती प्रेमभाव पाळावा असंही तिथेच लिहिलंय. त्या दुसऱ्या भागावर बोट ठेवून निर्वाहाची रक्कम लेखी मागायची. पत्रव्यवहारासाठी ई-मेल आणि मोबाइल तिचा स्वतःचा हवा, कॉन्व्हेंटच्या ऑफिसचा सामायिक नको. तो पासवर्ड चौघींना माहीत असतो.